खासगी शाळेत भेदभाव रोखण्याचं काम: कुठून सुरू करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

बहुतेक शाळांत हे काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी परिपाठात समतेवर भाषण, मग जिन्यात रंगीत फलक, मग शिक्षकांसाठी एका दिवसाची कार्यशाळा. त्याच आठवड्यात कार्यालयातून कुणीतरी यादी घेऊन चौथीच्या वर्गात येतं आणि दारातूनच विचारतं, ‘आरटीईची मुलं कोण कोण? उभी राहा.’ चाळीस डोकी वळतात, सहा मुलं उभी राहतात. वर्षभराच्या भाषणांवर त्या अर्ध्या मिनिटात पाणी पडतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित शाळांसाठी आहे, मुख्यतः इंग्रजी माध्यमाच्या. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १२(१)(ग) खाली पहिलीत किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने यातून सूट मिळाली असली, तरी खालच्या बहुतेक पायऱ्या त्यांनाही लागू पडतात. प्रश्न फक्त आरटीईच्या मुलांचाही नाही. फी भरून येणारी दलित, भटक्या-विमुक्त आणि आदिवासी मुलं, मुस्लिम मुलं, ईशान्येकडून आलेल्या कुटुंबांतली मुलं, सोसायटीच्या नेपाळी वॉचमनची मुलं यांच्या वाट्यालाही तेच टोमणे येतात. अपंग मुलांसाठी लागणाऱ्या सोयी हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

## पायरी १: समन्वयकाला आधी अधिकार, मग जबाबदारी (जानेवारी)

भेदभाव रोखण्याचं काम पाहणारा समन्वयक नेमताना संस्थेच्या कार्यकारिणीचा लेखी ठराव घ्या. मुख्याध्यापकांचं तोंडी ‘तुम्ही बघा जरा’ पुरत नाही. ठरावात चार गोष्टी हव्यात:

- समन्वयक थेट मुख्याध्यापकांना अहवाल देईल आणि सत्रातून एकदा कार्यकारिणीसमोर बसेल.
- आठवड्याला ६ ते ८ तासिका कमी केल्या जातील.
- फी, तुकड्या, शिस्त आणि तक्रारी यांचे कागद पाहण्याचा अधिकार असेल.
- वर्षाची ठरावीक रक्कम वेगळी काढलेली असेल. कितीची, हे पायरी ३ नंतर कळेल; आत्ता अंदाजपत्रकात खर्चाचं शीर्ष उघडून ठेवा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे शिक्षकांत एकच दलित किंवा एकच मुस्लिम शिक्षक असेल, तर काम आपोआप त्यांच्या गळ्यात पडतं. त्यांना स्वतःला हवं असेल तर जरूर द्या. पण विचारताना नकार द्यायला मोकळीक ठेवा आणि सोबत एक वरिष्ठ पर्यवेक्षक जोडा. नाहीतर पहिल्याच कटू प्रसंगात ‘त्यांना सगळीकडे जातच दिसते’ हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकू येईल आणि काम तिथेच थांबेल.

तपासणी: संस्थाचालकांच्या नात्यातल्या मुलाविरुद्ध तक्रार आली तर समन्वयक ती नोंदवू शकेल का? उत्तर ‘बघू’ असेल तर ठराव कच्चा आहे.

## पायरी २: कागद साफ करा (फेब्रुवारी)

मुलाची ओळख वर्गात फुटते ती बहुधा कागदावरून. पुढचे कागद एकेक करून टेबलावर घ्या.

हजेरीपट: नावापुढे ‘आरटीई’, तारांकन, वेगळी शाई, शेवटी वेगळ्याने चिकटवलेली नावं, सगळं काढा. आरटीईचे प्रवेश अनेकदा शाळा सुरू झाल्यावर होतात, म्हणून ती नावं यादीच्या तळाशी राहतात आणि हजेरी क्रमांकावरूनच मूल ओळखू येतं. प्रवेश पूर्ण होईपर्यंत कच्चे क्रमांक वापरा, नंतर सगळ्यांना नव्याने द्या.

जातीची नोंद: ती जनरल रजिस्टरमध्ये असते आणि असायला हवी. पण यू-डायस किंवा सरलची (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींची) माहिती भरताना वर्गशिक्षकाने मुलांना उभं करून ‘तुझी कास्ट काय?’ विचारायचं काहीही कारण नाही. ही माहिती कार्यालयाने रजिस्टरमधून भरावी आणि शंका असेल तर पालकांना फोन करावा. शिष्यवृत्तीच्या सूचनाही तशाच. ‘एससीच्या मुलांनी ऑफिसात या’ असं लाऊडस्पीकरवर सांगण्यापेक्षा पालकांना स्वतंत्र निरोप गेला पाहिजे.

व्हॉट्सअॅप: ‘आरटीई पेरेंट्स’ नावाचा गट असेल तर बंद करा. वर्गाचा एकच गट ठेवा आणि पैशांबद्दलचा मजकूर वैयक्तिक निरोपाने पाठवा.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. कायद्यात ‘वंचित घटक’ आणि ‘दुर्बल घटक’ या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. आरटीईतून आलेलं प्रत्येक मूल गरीब असेलच असं नाही, आणि फी भरणाऱ्या प्रत्येकाकडे सहलीचे पैसे असतीलच असंही नाही. मदतीची यादी आणि आरटीईची यादी एकच धरलीत, तर दोन्हीकडे चुकाल.

तपासणी: एखाद्या वर्गात दिवसभर बसून, फळा, हजेरीपट, ओळखपत्रं आणि वह्या पाहून कोणतं मूल कोणत्या मार्गाने आलंय हे सांगता येतं का? येत असेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी ३: पालकाच्या खिशातून जाणारा प्रत्येक रुपया लिहून काढा (मार्च)

कलम ३(२) सांगतं की शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च मुलाकडून घेता येत नाही. शाळा यातलं ट्यूशन फीपुरतं वाचते. मूल वेगळं पडतं ते बाकीच्या खर्चांत.

जून ते एप्रिल असा तक्ता करा. ओळींत इयत्ता, स्तंभांत खर्च: पुस्तकं-वह्यांचा संच, गणवेश (रोजचा, खेळाचा आणि हाऊसचा रंगीत टी-शर्ट), बूट, ओळखपत्र, डायरी, बस, सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, वर्गाचा फोटो, ऑलिंपियाड परीक्षा, रोबोटिक्ससारखे जादा वर्ग, प्रकल्पाचे रंगीत प्रिंट, ‘कलर डे’चे कपडे, वाढदिवसाचं चॉकलेट. आकडे कार्यालयाकडून घेऊ नका, तीन-चार पालकांना विचारा. शाळेच्या लेखी प्रकल्पाचा खर्च शून्य असतो. पालकाच्या लेखी तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं बिल असतं.

मग प्रत्येक स्तंभापुढे तीनपैकी एक निर्णय लिहा: बंद, सगळ्यांसाठी शाळेकडून, किंवा मागेल त्याला गुपचूप सवलत. चौथा पर्याय ठेवू नका. ‘ज्यांना परवडेल त्यांनी’ ही सवलत नसते, ती वर्गाची फाळणी असते. वाढदिवसाच्या भेटवस्तू सरळ बंद करता येतात. स्नेहसंमेलनाचे पोशाख शाळेने भाड्याने आणून सगळ्यांना द्यावेत. सहल शाळेच्या निधीतून. रंगीत प्रिंट बंद, हाताने काढलेलं चालेल, आणि त्याला गुण कमी नाहीत.

‘सरकारकडून प्रतिपूर्ती (म्हणजे आरटीईच्या मुलांच्या फीची भरपाई) थकलीय’ हे कारण इथे हमखास पुढे येतं. थकबाकी खरी असते आणि तिच्यासाठी शासनाशी भांडायलाच हवं. पण प्रतिपूर्ती हा शाळा आणि शासन यांच्यातला व्यवहार आहे. त्याचा निरोप मुलाच्या डायरीतून घरी जाता कामा नये.

सावध: सवलतीचा अर्ज दोन ओळींचा ठेवा. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि मुख्याध्यापकांसमोर मुलाखत मागितलीत, तर गरज असणारे येणार नाहीत.

## पायरी ४: तक्रारीची वाट आधी तयार करा, मग मुलांना बोलायला सांगा (एप्रिल)

हा क्रम चुकला की नुकसान होतं. कार्यशाळेनंतर मुलं धीर करून बोलतात, आणि ऐकून घेणाऱ्याला पुढे काय करायचं हेच माहीत नसतं. एकदा बोलून काही न घडलेलं मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

नवी समिती काढू नका. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असते, तक्रारपेटीही असते. त्यांनाच हे काम जोडा. पेटी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर नको. पाण्याच्या जागेजवळ किंवा वाचनालयात, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर हवी. आठवड्यातून दोनदा, दोघांनी मिळून उघडावी.

तक्रार आल्यावर:

1. त्याच दिवशी ऐकून घ्या आणि शब्द जसेच्या तसे लिहा. ‘जातिवाचक शेरेबाजी केली’ असं लिहू नका. काय म्हटलं, कुणी, कुठे, कोण ऐकत होतं, ते लिहा. ‘अपशब्द वापरले’ या दोन शब्दांत पुरावा आणि गांभीर्य दोन्ही हरवतात.
2. २४ तासांत दोन्ही मुलांच्या पालकांना वेगवेगळं कळवा. व्हॉट्सअॅपवर नाही, फोनवर किंवा समोर.
3. ३ दिवसांत साक्षीदार मुलांशी एकेकट्याने बोला.
4. १० दिवसांत निर्णय लेखी द्या: काय सिद्ध झालं, काय नाही, शाळा काय करणार.
5. एका महिन्याने तक्रार करणाऱ्या मुलाला पुन्हा भेटा. ही पायरी जवळजवळ सगळेच विसरतात, आणि खरा सूड याच महिन्यात उगवला जातो: गटातून काढणं, डब्याला न बसवणं.

‘हात मिळवा, विषय संपला’ करू नका. ज्याचा अपमान झाला त्याच्यावर तो मिटवण्याचंही ओझं पडतं. ज्या मुलाने अपमान केला त्याला नुसती शिक्षा करूनही भागत नाही. तो शब्द त्याने कुठे ऐकला, याचं उत्तर बहुतेक वेळा घरी किंवा सोसायटीच्या गेटवर सापडतं. म्हणून पालकांची भेट, ठरावीक मुदतीचं समुपदेशन आणि पुन्हा घडलं तर काय, हे तिन्ही लिहून ठेवा. आठवीपर्यंतचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही (कलम १६), तेव्हा ‘काढून टाकू’ ही धमकी पोकळ आहे. देऊ नका.

शिक्षकाविरुद्ध तक्रार असेल तर प्रश्न शिस्तीचा उरत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना कलम १७ ने मनाई आहे. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला, त्या जाती-जमातीबाहेरच्या माणसाने, लोकांच्या देखत जातीवरून शिवीगाळ केली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. अशा वेळी पालकांना पोलिसांत जाण्यापासून परावृत्त करणारं एक वाक्यही शाळेच्या कुणी बोलू नये. तक्रारीच्या पावतीवर हेही छापा की पालक कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतात.

## पायरी ५: कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण (जूनचा पहिला आठवडा)

दिवसभराचं एक व्याख्यान नको. दीड-दीड तासाची तीन सत्रं घ्या, २० पेक्षा मोठा गट नको. मावशी, शिपाई, बसचे चालक-वाहक आणि गेटवरचे सुरक्षारक्षक यांना वगळलंत तर प्रशिक्षण अर्धं राहिलं. चांगल्या कपड्यांतल्या पालकाला ‘या सर’ आणि बाकीच्यांना ‘ए, कुठे चालला?’ हा फरक गेटवरच सुरू होतो.

सत्र १: वाक्यं. शाळेत ऐकू येणारी वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहा. ‘फुकटची सीट मिळालीय, किंमत नाही.’ ‘झोपडपट्टीसारखं ओरडू नका.’ ‘कोट्यातला असून हुशार आहे हं.’ जातीचं नाव शिवी म्हणून. ‘काळ्या’, ‘चिंकी’, ‘पाकिस्तानी’. प्रत्येक चिठ्ठीवर दोनच प्रश्न: ऐकणाऱ्या मुलाने घरी जाऊन काय सांगितलं असेल? याऐवजी काय म्हणता आलं असतं?

सत्र २: भाषा. कैकाडी, वडारी, गोरमाटी, पावरी, दखनी किंवा गावाकडची मराठी घरी बोलणारं मूल उत्तर देत असताना मध्येच ‘ण’ आणि ‘न’ सुधारू नका. उत्तर पुरं होऊ द्या, मग तेच वाक्य प्रमाण भाषेत सहज म्हणा. वर्ग हसला तर थांबवायचं हसणाऱ्यांना, बोलणाऱ्याला नाही.

सत्र ३: सराव. दोघांनी प्रसंग करायचा, तिसऱ्याने पायरी ४ प्रमाणे तक्रारीचा कागद भरायचा. कागद भरायची सवय इथे लागली नाही तर नंतर लागत नाही.

सावध: सत्रात कुणालाही ‘तुमच्या समाजाचा अनुभव सांगा’ असं म्हणू नका. सांगावंसं वाटलं तर ते स्वतः सांगतील.

## पायरी ६: वर्ग, डबा, पाणी (जून ते ऑगस्ट)

तुकड्या चिठ्ठी टाकून पाडा आणि नंतर मोजा. चार तुकड्या आणि २४ आरटीईची मुलं असतील तर प्रत्येकीत सहाच्या आसपास हवीत. एका तुकडीत १५ निघाली तर चिठ्ठी पुन्हा. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांतही या मुलांना वेगळ्या वर्गात, वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी बसवायला स्पष्ट मनाई आहे. ‘त्यांचं इंग्रजी कच्चं आहे, दुपारची बॅच करू’ ही योजना कितीही चांगल्या हेतूची असली तरी तिथेच अडते.

मग इंग्रजीचं काय? बाकीच्या मुलांची याच शाळेत नर्सरीपासून दोन-तीन वर्षं झालेली असतात, आणि पहिलीत आलेल्या नव्या मुलाला ‘मे आय गो टू टॉयलेट’ म्हणता येत नाही म्हणून चड्डी ओली होते. पहिले तीन महिने मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल असं वर्गात जाहीर करा. सूचना दोन भाषांत द्या. रोज २० मिनिटं गोष्ट, गाणं आणि वस्तूंची नावं, संपूर्ण वर्गासोबत. ज्यांना येतं त्यांचंही नुकसान होत नाही. महिनाभर उशिरा येणाऱ्यांसाठी पुस्तकं, डायरी आणि गणवेशाचा संच आधीच बांधून ठेवा आणि वर्गातल्या दोन मुलांना सोबती नेमा. ओळख करून देताना फक्त नाव सांगा.

बसण्याच्या जागा दर सोमवारी बदला, एक बाक पुढे आणि एक रांग बाजूला. ‘ज्याला जिथे बसायचंय तिथे’ म्हटलं की महिन्याभरात वर्गात वस्त्या तयार होतात. हजेरी घेताना आडनावाने हाक मारू नका. आडनावावरून जात काढणं मुलं मोठ्यांकडून लवकर शिकतात.

डब्याचे नियम पुन्हा वाचा. शाकाहाराची सक्ती करणारी शाळा प्रत्यक्षात ठरावीक घरांनाच सांगत असते की तुमचं जेवण घाण आहे. अंडं, सुकट, मटण यांवर बंदी नको; वास आला तर खिडकी उघडावी. डबा उघडून तपासणं बंद. कुणी बाटली किंवा पेला ‘बाटला’ म्हणून वेगळा ठेवत असेल तर ती खोडी धरू नका, पायरी ४ चा कागद काढा.

तपासणी: मागच्या महिन्यात वर्ग झाडायला, बाक उचलायला, उलटी पुसायला कोणत्या मुलांना सांगितलं, आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला, सूत्रसंचालनाला कोणाला? दोन याद्या शेजारी ठेवा.

## पायरी ७: पालक

हजेरीवर काम करणाऱ्या आईला सकाळी अकराची पालकसभा म्हणजे एका दिवसाची मजुरी. शनिवारी संध्याकाळी सहा किंवा रविवारी सकाळी ठेवा. सूचना मराठीत, शक्य तिथे हिंदीतही, आणि सोबत ३० सेकंदांचा आवाजी संदेश. इंग्रजी गुगल फॉर्मला उत्तर आलं नाही म्हणून ‘पालकांना रस नाही’ असा शेरा मारू नका.

फी भरणाऱ्या पालकांकडून ‘आमच्या पैशावर’ हा सूर येणारच. मुख्याध्यापकांनी तो पहिल्या सभेतच, कुणी विचारायच्या आधी, दोन वाक्यांत संपवावा: हे प्रवेश कायद्याने आहेत, आणि या शाळेत मुलांची एकच वर्गवारी आहे, ती म्हणजे इयत्ता. गोड बोलून सावरत बसलात तर सूर वाढतो.

## पायरी ८: दिनदर्शिका आणि कार्यक्रम

हे मुद्दाम इतकं खाली आहे. परीक्षांचं वेळापत्रक लावताना ईद, दसरा (नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारी घरं असतात), ६ डिसेंबर आणि त्याचा आदला दिवस तपासा. चैत्यभूमीवर गेलेल्या मुलाची घटक चाचणी बुडू नये. आंबेडकर जयंतीचं भाषण दलित मुलालाच आणि ईदची माहिती मुस्लिम मुलालाच द्यायची सवय मोडा.

## पायरी ९: सत्राअखेरीस मोजा

गुण, हजेरी, स्नेहसंमेलन, क्रीडासंघ, मॉनिटर, शिक्षा आणि सोडून गेलेली मुलं: सात ओळी. प्रत्येकीत आरटीई आणि इतर यांचं प्रमाण लिहा. हा तक्ता समन्वयक, मुख्याध्यापक आणि कार्यकारिणी यांच्यापुरताच ठेवा. एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी मुलं असतील तर तो आकडा बाहेर सांगू नका, मूल ओळखू येतं.

तिसरीपासून पुढच्या मुलांना कागदावर, नाव न लिहिता, तीन प्रश्न द्या: मधल्या सुट्टीत कोणासोबत जेवतोस किंवा जेवतेस? शाळेत कुठे जायला नको वाटतं? त्रास झाला तर कोणाला सांगशील? तिसऱ्याला ‘कोणालाच नाही’ अशी उत्तरं जास्त आली तर पायरी ४ कागदावरच राहिली आहे. पुढच्या सत्रात नवं काही सुरू न करता तीच दुरुस्त करा.

## पायरी १०: आठवीनंतरची दरी, पण काम सहावीत

कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंत. नववीला पूर्ण फी येते आणि आठ वर्षं एकत्र वाढलेल्या वर्गातून काही मुलं एकाच उन्हाळ्यात गायब होतात. शाळा हे आठवीच्या निकालाच्या दिवशी, दाखल्यासोबत सांगते.

सहावीच्या सुरुवातीला पालकांना बोलावून नववी-दहावीची फी लेखी द्या. सातवी संपेपर्यंत संस्थेने किती जागांची फी माफ किंवा अर्धी करायची ते ठरवावं. जी मुलं जाणार असतील त्यांच्यासाठी जवळच्या अनुदानित शाळांची माहिती काढा आणि माध्यम बदलणार असेल तर विज्ञान-गणिताच्या मराठी संज्ञांचा सराव आठवीतच सुरू करा.

सावध: ‘एनएमएमएसची परीक्षा देऊ द्या, शिष्यवृत्ती मिळेल’ असा सल्ला पालकांना सर्रास दिला जातो. एनएमएमएस ही आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती योजना. ही योजना शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेतलं मूल तिला पात्र नाही. कोणतीही योजना सुचवण्याआधी मुलाची पात्रता आणि शाळेची पात्रता दोन्ही तपासा, आणि मग पालकांना फोन करा.